टाचेमागची शीर

त्या सालांत कापसाला अशी तेजी आली की अकोल्यात माणसाला जेवायला फुरसत नव्हती. साता समुद्रांपलीकडे कुठे तरी लढाई लागली होती म्हणे, आणि तिचा भार आमच्या टाचांवर होता. मी आणि माझा थोरला भाऊ हिवरखेडाहून रुई तुडवायला आलो होतो. तागाचा पुरुषभर उंच थैला लाकडी चौकटीला टांगायचा आणि आत उतरायचे. वरून रुई पडत राहते, आपण ती टाचांनी दाबत दाबत वर येतो. भावासारखा तुडवणारा अख्ख्या बाजारात नव्हता. मला त्याचा गर्व होता, अजूनही आहे.

एकदा आत उडी घेताना त्याच्या टाचेमागची शीर लचकली. पाय सुजला. आई आमच्याबरोबरच बिऱ्हाडाला होती, आणि आमच्याकडे कुठल्याही दुखण्यावर औषध एकच, चोळणे. तिने तिळाचे तेल कढत केले आणि अंगठ्याने शीर रगडली. भाऊ ओठ चावत बसला. सूज उतरली, पण शिरेत हरभऱ्याएवढे काही तरी टणक राहिले.

"रगत गोठलं हाय. चोयलं का पांगते," आई म्हणाली.

ती रोज चोळायची आणि ते रोज वाढायचे. हरभऱ्याचे बोर झाले, बोराचे बोटभर कांडे. एकदा मी दाबून पाहिले. हाताला नडगीच लागावी तसे लागले. शिरेच्या जागी हाड धरत होते! मला भीतीच वाटली.

"आई, बंद कर आता. तुया हातानंच वाढून रायलं थे."

"मायच्या हातानं कोनाचं वाईट होते का रे?"

तिने पुन्हा तेलात बोटे बुडवली.

भाऊ लंगडत थैल्यात उतरतच राहिला. तेजी कोणासाठी थांबत नाही. एके सकाळी आतून वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला. मी वाकून पाहिले, तर तो रुईत बसला होता आणि पाऊल लुळे पडले होते. तो पुन्हा धड चालला नाही.

पुढच्या हंगामात मी एकटाच तुडवत होतो. पाय धुताना माझ्याही टाचेमागे काही तरी हाताला लागले. हरभऱ्याएवढे. मी लपवायला गेलो, पण आईपासून काय लपते? तिने तेल चुलीवर ठेवले आणि माझा पाय मांडीवर ओढून घेतला. तिचे डोळे भरले होते.

"थोरल्याच्या पायाले माया हात कमी पडला," ती म्हणाली. "तुया पायाले नाई पडू देनार."