सुकाणूचा हात

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हरेश्वरदादांचा समुद्र सुटला. मुलाने होडी विकली, आणि चाळीस वर्षं सुकाणू धरलेले हात घरात रिकामे बसले. म्हणून ते माझ्याकडे विमान उडवायला शिकायला आले. मी निवृत्त मास्तर. दिघीच्या अलीकडे, ओहोटीच्या टणक वाळूवर रिमोटची विमानं उडवतो. शिकवायची खोड जात नाही, आणि चिडायचीही.

इंजिनाचं त्यांना काही शिकवावं लागलं नाही. मुठीएवढं इंजिन, मेथनॉल आणि एरंडेलाच्या मिश्रणावर चालणारं. नवं इंजिन सकाळभर माझ्यावर किंचाळत होतं आणि बंद पडत होतं. दादांनी नुसता कान दिला. "मास्तर, ह्याला तेल कमी पडतंय. जरा जास्त पाजा." इंधन कमी-जास्त करणारी सुई मी अर्धा फेरा सैल केली आणि आवाज मऊ झाला.

उडवणं मात्र जमेना. विमान लांब जाताना उजवीकडे कललं तर रिमोटची दांडी डावीकडे न्यायची, एवढं साधं. दादांचा हात नेमका उजवीकडेच जायचा. दोन विमानं त्यांनी वाळूत रोवली. दुसऱ्या वेळी माझा पारा चढला. तुमच्याने हे होणार नाही, तुम्ही आपली इंजिनं बघा, असं मी चारचौघांत बोलून गेलो. त्यानंतरही ते रोज यायचे, इंजिन सुरू करून द्यायचे आणि वाळूवर बसून बघायचे. जेवताना ताटाशीही रिमोट धरल्यासारखे अंगठे हलवत असतात, असं त्यांच्या बायकोने, सगुणावहिनींनी सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. पण माफी मागायला माझी जीभ वळेना.

मार्चमधल्या एका सकाळी मी ऐटीत उडवत राहिलो. टाकी संपत आली असेल, असं दादा दोनदा म्हणाले. मी ऐकलं नाही आणि इंजिन हवेतच थांबलं. रिमोटचं वळवणं बॅटरीवर चालतं, म्हणून विमान अजून वळत होतं, पण ते आमच्याकडे तोंड करून खाली येत होतं, आणि समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं होतं. ते डावीकडे सरकलं. मी घाबरून दांडी उजवीकडे दाबली, तसं ते आणखीच कललं.

"मास्तर, द्या इकडं."

विमान सरकत होतं त्याच बाजूला त्यांनी दांडी रेटली. ते सावरलं आणि आमच्यापासून दहा पावलांवर अलगद टेकलं.

"होडी जिकडं पळते तिकडंच सुकाणूचा दांडा रेटायचा, मग ती सरळ व्हते," दादा म्हणाले. "समोरून येणारं इमान माझ्या होडीसारखंच हाय. जातानाच तेवढं उलटं वागतं."

महिनाभर मी ज्याला चूक म्हणत होतो, ती त्यांच्या हातातली चाळीस वर्षं होती. जन्मभर मी मुलांच्या वह्या तपासल्या, आणि हे मला वाचता आलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि या वेळी ती बोलून दाखवली.

मग मी टाकी भरली. जाताना कसं वळवायचं ते मी सांगतो, म्हटलं, आणि येताना तुम्ही मला शिकवा.

"व्हय," दादा म्हणाले. रिमोट त्यांच्या हातातच होता. मीही तो मागितला नाही.