डोंग्यातली साखळी

ती घटना आठवायला मला जुनं दप्तर उघडावं लागत नाही. रस्त्यात मागून सायकलची घंटी वाजली की माझा उजवा पाय अजूनही आपोआप मागे ओढला जातो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. बपेऱ्याच्या बाजूला एका लहानशा ठाण्यात मी फौजदार होतो. नदीच्या पलीकडे मध्य प्रदेश. आठवड्याच्या बाजाराला लोक डोंग्यातून पलीकडे जात.

एका सकाळी हजेरी आटोपून आम्ही चहा घेत होतो. तिशीतला एक शेतकरी नवी सायकल ढकलत थेट व्हरांड्यात आला. वांगी पिकवायचा आणि पलीकडच्या बाजारात विकायचा. त्याची आधीची सायकल घरासमोरून चोरीला गेली होती. आम्हाला ती सापडली नव्हती. आता त्याला नवीचा विमा काढायचा होता, पण एजंटावर भरवसा नव्हता. म्हणून माझ्याकडे आला.

एजंटाने दोन प्रकार सांगितले होते. एकात फक्त चोरी. हप्ता कमी, पण हातातून सोडली की सायकल न हलणाऱ्या वस्तूला साखळीने बांधलेली पाहिजे. दुसऱ्यात अपघात वगैरे सगळं, हप्ता जास्त. मी म्हटलं, पहिला घे, सायकलचा नंबर लिहून ठेव, पावती जपून ठेव. इथवर माझा सल्ला बरोबर होता.

"साहेब, घरी खांबाले बांधीन. बाजारात झाडाले बांधीन. डोंग्यात कायले बांधू? तिथं तं सारंच हालते."

हवालदार म्हणाला, "नदीले बांध ना बे."

मी म्हणालो, "स्वतःच्या पायाला बांध. तुला सोडून कुठे जाते बघू."

सगळे हसले. तो हसला नाही. त्याने आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं, "बरं साहेब" म्हणाला आणि गेला.

भादव्यात त्याची बायको आली. नवरा बाजाराला गेला तो परतलाच नव्हता, सायकलही नव्हती. मी मिसिंग दाखल केली. एजंटाकडे चौकशी केली तर विमा नुकताच उतरवलेला. माझा संशय तिथेच पक्का झाला. सायकल पलीकडे विकली, काही महिने दडून बसणार, मग चोरीचा दावा करणार. हे मी तिला तोंडावर सांगितलं.

ती म्हणाली, "वांगी तोडाची राह्यली हायेत, साहेब. थे असे जानार नाहीत."

पुरावा म्हणून ते मला काहीच वाटलं नाही.

दिवाळीच्या सुमारास खबऱ्या आला. "डोंगेवाल्यानं घाट बदलवला, साहेब. जुन्या घाटाकडं पाहत बी नाही. लोक म्हनतात, तिथं सांजच्याले पान्यातून घंटी वाजते."

मी एका शिपायाला घेऊन घाटावर गेलो. दिवस मावळत होता. पाणी एकदम सपाट, काठावर चिटपाखरू नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग वाजली. दोन टिचक्या, गर्दीत वाट मागताना सायकलवाला देतो तशा. आणि खालून. मी शिपायाकडे पाहिलं.

"काय झालं, साहेब?" त्याने विचारलं. त्याने काही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोंगेवाल्याला ठाण्यात बसवलं. साठीचा ढिवर, पिढीजात मासेमार. मी हात लावला नाही. नुसतं समोर बसवून ठेवलं. खोटं बोलणारा माणूस तुमच्या तोंडाकडे पाहतो, भ्यालेला दाराकडे पाहतो, असा माझा अनुभव. हा माझ्या बुटांकडे पाहत होता. दुपारी त्याला पाणी दिलं. ते हातात धरूनच तो बोलायला लागला.

"थ्या दिवशी बाजारातून येतानी आमी दोघंच होतो. त्यानं सायकल अन् पाय एकाच साखळीनं बांधला. मी म्हनलो, बाबू, धार जोरात हाये, सोड थे. थो म्हने, नाही काका, फौजदार साहेबानं सांगतलं हाये. मंग भवऱ्यात डोंगा पलटला. मी वर आलो. थो माह्यापेक्षा चांगला पोहनारा. आलाच नाही."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"कोनाले सांगतो, साहेब? तुमाले?"

जबाब लिहून घेणारा रायटर शेजारी होता, तरी तो मी स्वतः लिहिला. 'साखळी सोडण्यास सांगितले असता त्याने ऐकले नाही.' एवढंच लिहिलं. नियमाप्रमाणे वाचून दाखवला.

म्हातारा म्हणाला, "थे साहेबाचं राह्यलं."

"त्याची गरज नाही," मी म्हणालो. त्याने अंगठा दिला.

ढिवरांनी जुन्या घाटापाशी गळ टाकून सायकल काढली. साखळीच्या फेऱ्यात पायाचं हाड होतं. कुलूप शाबूत. पंचनामा चालू असताना मी घंटी दाबून पाहिली. आत गाळ दगडासारखा बसला होता. ती वाजणं शक्यच नव्हतं.

अकस्मात मृत्यू म्हणून कागद बंद झाला. चोरी नाही, म्हणून विम्याचं काही मिळालं नाही. सायकल ताब्यात घ्यायला त्याची बायको आली, दिराला सोबत घेऊन. सही करताना थांबली.

"घरून निंघतानी थे मले म्हनले होते, साहेबानं सांगतलं तसंच बांधतो, आता जाते कुठं. थो इम्याचाच साहेब असन ना?"

मी तिच्या हातातला कागद सरळ केला. म्हणालो, "असेल."

पुढे नोकरीत मी बरंच काही शिकलो. त्यातलं मोठं हे की ठाण्यात खुर्चीवर बसलेल्या माणसाची थट्टा समोर उभ्या असलेल्याला थट्टा वाटत नाही. तो तिला हुकूम समजतो आणि पाळतो. पण हे मला तेव्हाही कळलं होतं. कळलं नसतं, तर जबाब मी रायटरला लिहू दिला असता.

त्या जबाबात एक ओळ कमी आहे. डोंगेवाल्याने ती सांगितली होती, वाचून दाखवल्यावर आठवणही करून दिली होती. 'फौजदार साहेबाने सांगितले आहे.' तो फौजदार मी होतो.