बाबांच्या दातावरची खाच

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा एक मे महिना. अंबरनाथ पूर्वेहून रिक्षाने बाबा आणि मी उल्हासनगरच्या एका दातांच्या दवाखान्यात गेलो होतो... बाबांचे सगळे दात काढून घ्यायला.

सगळे म्हणजे अक्षरशः सगळे. आनंदनगरच्या ज्या कारखान्यात बाबा अधिकारी होते, तिथे तशी रीतच पडली होती. निवृत्ती जवळ आली की माणसे कंपनीच्या मेडिकलमधून दात काढून कवळी बसवून घेत... म्हातारपणी दात जाणारच, तर कंपनी आहे तोवर गेलेले बरे, असा तो विचार.

बाबांचे सहकारी सावंतकाका तर आमच्या घरी येऊन स्वतःची कवळी हातात काढून दाखवून गेले होते. "साहेब, ना दुखणं, ना किडणं. तुमची ओरिजिनल बत्तिशी ठेवून काय म्युझियमला द्यायचीय?" हे ते कवळी पुन्हा बसवल्यावर म्हणाले... त्याआधीचे आम्हाला कळले नव्हते.

बाबांच्या हिरड्यांतून रक्त येई, दोन दाढा हलत होत्या. चार खेपांत सगळे दात काढायचे ठरले. पहिल्या खेपेनंतर बाबांना बोलता येणार नाही, म्हणून सोबतीला मी, हा आईचा निर्णय.

वास्तविक बोलण्याच्या कामाला माझ्याइतकी निरुपयोगी व्यक्ती आमच्या घरात दुसरी नव्हती. शाळेत पहिला नंबर मी कधी सोडला नाही, पण दुकानात साबण मागण्यापूर्वीसुद्धा मनात वाक्य तीनदा जुळवून घ्यावे लागे. दवाखान्यातही मी पुस्तक उघडूनच बसले होते.

डॉक्टर पन्नाशीच्या सिंधी बाई होत्या. त्यांनी आरसा फिरवून बराच वेळ तपासले आणि आपल्या हिंदी-मराठीत स्वच्छ सांगितले, की दोन दाढा जातील, बाकीच्या दातांची मुळे घट्ट आहेत. दुखणे हिरड्यांचे आहे. नीट सफाई केली, काळे मंजन बोटाने खसाखसा घासणे सोडून मऊ ब्रश धरला, तर हे दात पुढची वीस वर्षे सोबत करतील.

"काका, वयाने दात जात नाहीत. आपण त्यांना विसरतो, म्हणून जातात."

बाबा ऐकेनात. चार महिन्यांनी निवृत्ती आहे, मुलीचे शिक्षण अजून व्हायचे आहे, उद्या दातांनी त्रास दिला तर तिच्या शिक्षणाआड यायला नको... असे काहीसे ते हळू आवाजात म्हणाले. मला ऐकू जाणार नाही अशा बेताने. पण मी ऐकले, आणि पुस्तकातली ओळ पुढे सरकेना.

डॉक्टरांनी नाइलाजाने इंजेक्शन हातात घेतले. पुन्हा एकदा वाकल्या आणि थांबल्या.

"काका, तुम्ही टेलर आहात काय? समोरच्या दाताला खाच पडलीये. आमच्या इकडच्या टेलर लोकांना असते अशी... दोरा तोडून तोडून."

बाबा एकदम संकोचले. "नाही हो... वह्या शिवतो. हिच्या."

दरवर्षी मे महिन्यात बाबा माझ्या जुन्या वह्यांमधली कोरी पाने सोडवत, नीट जुळवत, दाभणाने शिवत आणि त्यांना पुठ्ठा लावून माझ्यासाठी रफ वह्या करत. प्रत्येक गाठीनंतर जाड दोरा दाताने तोडत... कात्री शेजारी असली तरी. पहिलीपासून दरवर्षी. माझे सगळे पहिले नंबर त्या वह्यांत तयार झाले होते, आणि त्यांची खूण बाबांच्या दातावर होती. ती मी एकदाही पाहिली नव्हती.

मी उठले. वाक्य एकदाही न जुळवता बोलले.

"बाबा, दात काढायचे नाहीत. मला अजून पुष्कळ वह्या लागणार आहेत."

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी डॉक्टरांना हाताने थांबवले.

"वह्या शिवा काका," इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवत डॉक्टर म्हणाल्या, "मगर कैंची से."

दोन दाढा तेवढ्या गेल्या. बाबांनी मऊ ब्रश आणला आणि कारखान्यातली यंत्रे सांभाळावीत तसे दात सांभाळले... सकाळी, रात्री, आणि दर सहा महिन्यांनी उल्हासनगरला सफाई. सावंतकाका पुढे कित्येक वर्षे विचारत राहिले, "काय साहेब, म्युझियम चालू आहे ना?"

पुढच्या मे महिन्यात बाबा वही शिवायला बसले. गाठ मारली, दोरा सवयीने तोंडाजवळ नेला... आणि माझ्यापुढे हात केला. मी कात्री दिली.

आज बाबा नव्वदीला आले आहेत, आणि परवाच त्यांनी माझ्यासमोर बसून भाजलेले कणीस दातांनी सोलून खाल्ले. हसले की ती खाच अजून दिसते... आणि दर वेळी मला वाटते, माझी सगळ्यात जुनी वही बाबांनी तिथे जपून ठेवली आहे.