पाइपाची गोधडी

घरात नळ नव्हता तोवर आईच्या डोक्यावरून हंडा उतरला नाही. मग पत्र्यावर टाकी बसली, पाइप आला. पण दोन उन्हाळ्यांत तो खडूसारखा ठिसूळ होऊन तडकला आणि हंडा पुन्हा डोक्यावर चढला.

घरातली पहिली पदवीधर मी. नवा पाइप बसवताना ऐटीत सांगितलं, "आई, प्लास्टिकला ऊन सोसत नाही. झाकायला हवा." आईने जुन्या लुगड्यांची लांबलचक गोधडी शिवली आणि पाइपाला गुंडाळली.

शेजारच्या कमलमावशी हसल्या, "काय गं, पाइपाला थंडी वाजते का?"

"ऊन लागतंय त्याला. तू नाही का पदर घेत डोक्यावर?" आई म्हणाली.

वरचं कापड विटलं की आई नवं ठिगळ लावते. आज ती पत्र्यावर टाके घालत होती, मी खालून बघत होते. लहानपणी उन्हातून जाताना ती पदर माझ्या डोक्यावर धरायची. मी कॉलेजात शिकले ते तिच्या हातांना आधीच येत होतं.

परवा कमलमावशीही आपल्या पाइपासाठी जुनं लुगडं घेऊन शिवायला आल्या.

नव्या पाइपाचा तिसरा उन्हाळा सरला. पाइप तडकला नाही. आमच्या नळाला पाणी येतं.