काकांच्या गाडीतलं वजन

पुण्यात माणसं स्वतःचं वजन वाढवण्यात आयुष्य घालवतात; आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी ते एका जुन्या छोट्या गाडीचं वजन कमी करण्यात घातलं. आयटीतल्या पोरांनी हप्त्यांवर नव्या दमदार गाड्या घेतल्या आणि रविवारी सकाळी शहराबाहेरच्या मैदानावर शंकू मांडून, एकेकाने घड्याळाशी पळायच्या शर्यती सुरू केल्या, तेव्हा बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले काकाही त्यांच्यात जाऊन उभे राहिले. "इंजिनाची ताकद सरळ रस्त्यावर दिसते, अक्कल वळणावर," असं ते पोरांना ऐकवत आणि शेवटचे येत.

मग दोष वजनाचा ठरला. स्टेपनी उतरली, मागचं सीट उतरलं, डॅशबोर्डवरचा गणपती देव्हाऱ्यात मुक्कामाला आला. ड्रायव्हरही वजनातच धरतात म्हणून चहातली साखर बंद झाली. मागचा भार गेल्यावर वळणावर गाडीचं शेपूट भलतीकडेच पळू लागलं, तर काका आमटीत मीठ घालावं तशी चाकांतली हवा चिमटीचिमटीने कमीजास्त करत बसले. शेवटी काकूंचं पुढचं सीटही गेलं.

"अहो, मी बसू कुठे?"

"रिक्षात."

काकू मार्केट यार्डातून पिशव्या घेऊन रिक्षातून उतरल्या की काका गाडीखालूनच विचारत, "किती किलो गं?"

"तुमच्या डोक्यापेक्षा हलकंच आहे!"

आणि खरंच, वळणं जमली. सरावात काकांनी सगळ्या पोरांना मागे टाकलं. मोसमातली शेवटची शर्यत उरली होती. विजेत्याच्या कपाला जागा हवी म्हणून टीव्हीवरची फुलदाणीसुद्धा हलवून झाली. त्याच आठवड्यात काकू जिन्यात घसरल्या. पाय प्लास्टरमध्ये गेला आणि हॉस्पिटलातून सुट्टी मिळाली ती नेमकी रविवारी सकाळी.

"तुम्ही मैदानावर जा, काकूंना मी आणतो," मी म्हणालो.

"तुझी गाडी वळणावर झुलते," काका म्हणाले आणि पाना शोधायला लागले.

पुढे त्या मैदानावर इमारती उठल्या आणि कप यायचा तो राहूनच गेला. पण काका गेल्यावरही मला आठवतात ते त्या रविवारचे. दोन्ही सीटं जागेवर, स्टेपनी डिकीत, गणपती डॅशबोर्डवर, पुढे मी, मागे काकू पाय लांबवून बसलेल्या. शनिवार पेठेतल्या वळणावर एक सायकलवाला घंटी वाजवत आम्हाला मागे टाकून गेला.

"अहो, जरा पळवा की! मी काय अंडी आहे?"

काकांनी आरशातून मागे पाहिलं. मला हसू येत होतं.

"गप्प बस," ते म्हणाले. "गाडीत वजन आहे आज."