वहिनींच्या जिभेसाठी केलेली प्रार्थना

गिरण्यांचा संप होऊन वर्ष उलटलं होतं. मुलुंडला आम्ही दोघी जावा शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचो. मोठ्या जाऊबाईंना मी वहिनी म्हणायचे. जीभ म्हणाल तर लवंगी मिरची! माझ्या माहेरच्यांसमोर त्यांनी माझ्या कालवणाला नावं ठेवली, "पाण्यात चुकून मटण पडलं वाटतं," आणि माझं डोकं फिरलं. मीही काही गरीब गाय नव्हते.

भांडायचं तर सरळ भांडावं. पण मी पडले शहाणी! बुधवारी आमच्याकडे प्रार्थनासभा होती. चर्चचे पाळकसाहेब आलेले, सगळ्यांचे डोळे मिटलेले, एकेक जण मोठ्यानं प्रार्थना करत होता. माझी पाळी आली तशी मी गोड आवाजात म्हटलं, "प्रभू, आमच्या वहिनींच्या जिभेला लगाम घाल." कुणीतरी खुदकन हसलं. सगळे आमेन म्हणाले, वहिनीसुद्धा. मला काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू!

पंधरा दिवसांत वहिनींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा बंद झाली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. मला मात्र वाटलं, हे मीच केलं.

आठ दिवस मी त्यांच्या दारातून मागे फिरले. नवव्या दिवशी जाऊन पाय धरले. "वहिनी, ती प्रार्थना मी जळफळून केली. मला माफ करा हो." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बरोबरच होतं त्यांचं.

मग रोज दुपारी मी जायचे. अंग पुसायचे, पेज भरवायचे. त्या दुपारी आता खऱ्या वाटत नाहीत. मिठागरांकडून येणारा पांढरा उजेड पडद्यातून झिरपायचा, पंखा फिरत राहायचा, लांब कुठेतरी पिंजाऱ्याची तार वाजायची. आपण जाग्या आहोत की झोपेत, मला कळायचं नाही. त्या गुंगीत मी देवाशी बोलायचे, पण मनातल्या मनात. मोठ्यानं प्रार्थना करायची मला धास्तीच बसली होती. कधी वाटायचं, वहिनी काहीतरी म्हणाल्या. दचकून बघावं तर त्या छताकडे टक लावून पडलेल्या. देवाशप्पथ सांगते, त्यांच्या शिव्या ऐकायला माझा जीव तळमळायचा.

नाताळ गेला. गुड फ्रायडे जवळ आला. अशाच एका दुपारी मी पेजेचा चमचा पुढे केला, तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. ओठ वाकडे झाले, कपाळावर घाम फुटला. एकेक शब्द ओढून काढत त्या बोलल्या.

"तुझी... प्रार्थना... देवानं... नाही ऐकली."

त्यांनी दम घेतला.

"देव... काय... येडा आहे?"

मला हसू फुटलं आणि मग हुंदका. मांडीवर सगळी पेज सांडली, तरी त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.