सोनूबाईने विणलेल्या मासळ्या

मालाडच्या खाडीकाठी आमच्या कोळीवाड्यात सोनूबाईची कानटोपी नसलेलं डोकं सापडायचं नाही. स्वेटर असो की टोपी, लोकरीवर नक्षी आमचीच, जुनी. प्रत्येक घराण्याची वेगळी. तिच्या सासरची लाल चौकडी, लुगड्यावर असते तशी. माहेरची पांढऱ्या मासळ्यांची रांग. थंडीत पाण्यावर धुकं उतरलं की टोपीवरून माणूस ओळखायचा, ही आमची रीत.

मग जाळी बांधायच्या खुंटांवरून ही दोन घराणी एकमेकांच्या जिवावर उठली. खुंट उपटले, जाळी कापली, सोनूबाईच्या भावाचा हात मोडला. तिचा नवरा बळवंत मुळातच भडक डोक्याचा. त्याने तिचं माहेर बंद केलं. पण बाईने एकुलत्या एका मुलाची, प्रितमची टोपी विणायला घेतली तेव्हा सुयांवर मुद्दाम मासळ्या घातल्या. पोरगा माझापण हाय, एवढंच मला म्हणाली, आणि टोपी बळवंतच्या नजरेआड ठेवली. तिचं मन मला कळत होतं, तरी रागच आला. मारामारीच्या दिवसांत असला हट्ट कोण करतं?

एका पहाटे खाडीत पुन्हा जुंपली. प्रितम घरी होता. मोबाइलवर कळलं तसा तीच टोपी घालून, छोटी होडी घेऊन, बापाच्या मदतीला सुटला. धुक्यात होड्या एकमेकींवर आदळत होत्या. वल्ही, कोयते, जे हाती येईल ते चाललं होतं. पाठीमागून होडी आली, मासळ्यांची टोपी दिसली, आणि बळवंतने वल्हं दोन्ही हातांनी फिरवलं. कवटी फुटल्याचा आवाज झाला. पोरगा पाण्यात पडला. बळवंतने मागे वळूनही पाहिलं नाही.

घरी आला तो रक्ताळलेल्या शर्टाने, खुशीत. "तुज्या म्हायेरचा एक आज डोकं फोडून आरवा केला."

सोनूबाईने विचारलं, "प्रितम कुठं हाय?"

"घरान नाय?"

"तुज्याच मदतीला गेला. डोक्यावर मासल्यांची टोपी हाय."

बळवंत उंबऱ्यातच खाली बसला.

प्रितमला मामानेच मोडक्या हाताने पाण्यातून ओढून काढलं होतं. वाचला. पण डोकं काही पूर्वीसारखं चालत नाही. दुपारी बळवंत त्याला भरवायला बसतो. माशाचे काटे काढतो, घास घेऊन हात उचलतो. प्रितम दोन्ही हातांनी डोकं झाकतो.